सोमवारी पूर्ववत करणे

लग्नकार्यात कुणी विचारलं, "वहिनी, तुम्ही कंपनीत नेमकं काय करत होता?" की मी तोंड उघडायच्या आत आमचे हे उत्तर देतात. "ती लोकांच्या चुका काढायची. घरी फुकट काढते, तिकडे पगार देत होते." हे कर्वेनगरच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, त्यामुळे दुसऱ्याचं चित्र चार रेघांत उरकायची त्यांना सवय आहे. वाईट एवढंच वाटतं, की बावीस वर्षांच्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन मला स्वतःलाही कधी जमलं नाही.

तर आता सविस्तर सांगते. मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीत होते, पण प्रोग्रॅम लिहीत नव्हते. साठ-सत्तर जण दिवसभर जे लिहायचे ते गोळा करायचं, जोडायचं आणि ग्राहकाकडे जाण्याआधी एका तपासनिसाकडून वाचून घ्यायचं, हे माझं काम. हा तपासनीस माणूस नव्हे, तोही एक प्रोग्रॅमच. तो दुसऱ्याचा प्रोग्रॅम चालवून बघत नाही, नुसता वाचतो आणि दोष सांगतो. पदार्थ न चाखता नुसता कृतीचा कागद वाचून, "मीठ दोनदा लिहिलंय आणि गॅस पेटवायचं राहिलंय," असं सांगणाऱ्या सासूबाई असतात ना, तसा. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. ऑफिसात सगळे त्याला तात्या म्हणत. किरकोळ दोष असला की तात्या पिवळी ओळ काढत, गंभीर असला की तांबडी. तांबडी ओळ आली की लिहिणाऱ्याचा चेहराही त्याच रंगाचा होई.

तात्यांचं ज्ञान अफाट, पण स्वभाव सरकारी खिडकीतल्या कारकुनाचा. त्यांच्याशी माझी बावीस वर्षांतली निम्मी भांडणं एकाच गोष्टीवरून झाली, ती म्हणजे नंबर.

त्याचं असं आहे. मोठा प्रोग्रॅम एकसंध नसतो. तो वेगवेगळ्या सुट्या भागांचा जोडलेला असतो आणि अशा बांधून तयार झालेल्या प्रत्येक भागाला असेंब्ली म्हणतात. आम्ही सोयीसाठी नुसतं भाग म्हणायचो. प्रत्येक भागाला नाव असतं आणि नावापुढे आवृत्तीचा नंबर. भागात सुधारणा झाली की नाव तेच राहतं, नंबर वाढतो. आता समजा, एखाद्याने आपला प्रोग्रॅम २.३ नंबरचा भाग धरून लिहिला आणि तपासायच्या वेळी आमच्या यंत्रावर २.४ पडलेला असला, तर तात्या म्हणत, "मला २.३ पाहिजे. तुम्ही २.४ देताय. मी वाचत नाही." झालं. बसले हाताची घडी घालून.

आणि आमचे लोक नंबरांच्या बाबतीत काय वर्णावे! एका हुशार मुलाने आपले भाग ठेवायला चार फोल्डर केले होते. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम खरा' आणि 'हा घ्या'. मी विचारलं, "अहो, यातला घेऊ कोणता?" तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, 'हा घ्या' सोडून कुठलाही घ्या." दुसऱ्या एका महाशयांनी नंबराच्या जागी चांदणीची खूण (*) घालून ठेवली. त्या चांदणीचा अर्थ असा, की भाग जितक्या वेळा बांधाल तितक्या वेळा यंत्र आपणहून नवा नंबर देईल. म्हणजे सकाळी बांधलेला भाग दुपारी तात्यांना ओळखू येईना. दोन दिवस मी डोकं धरून बसले होते. शेवटी मी यंत्राच्या वर एक पाटी चिकटवली : 'या यंत्रावर स्वतःचे भाग परस्पर आणून टाकू नयेत. टाकल्यास पुसले जातील. नंतर तोंड पाडून उभे राहू नये.' पाटी माझ्या निवृत्तीपर्यंत होती. तोंड पाडून उभे राहणारेही होते.

आता जे सांगायचं आहे ते मुख्य.

एका शुक्रवारी तात्यांनी त्रेसष्ट ठिकाणी नंबर जुळत नाही म्हणून वाचन थांबवलं. शनिवारी दुपारी माल परदेशी जायचा होता. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर वानखेडे, मूळचे अमरावतीचे, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. इंग्रजी फाडफाड बोलायचे, पण घाबरले की थेट गावच्या बोलीवर यायचे. ते खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "मॅडम, काहीही करा. उद्या हे गेलं नाही तर माह्यं काही खरं नाही."

मी काहीही केलं. तात्यांच्या स्वभावाची एक फाइल असते, त्यात त्यांनी कसं वागायचं ते लिहिलेलं असतं. शोधता शोधता मला त्यात एक शब्द सापडला. तो शब्द बदलला की तात्या भागाचं फक्त नाव बघतात, नंबराकडे काणाडोळा करतात. मी शब्द बदलला. त्रेसष्टच्या त्रेसष्ट तक्रारी गेल्या. तात्यांनी मुकाट्याने सगळं वाचलं, एकही तांबडी ओळ नाही. वानखेड्यांनी मजल्यावरच्या सगळ्यांना बाकरवडी वाटली.

पण मी काही बेजबाबदार बाई नव्हे. हा तोडगा आहे, इलाज नाही, हे मला पक्कं कळत होतं. अशा फाइलीत यंत्र वाचत नाही अशी एखादी ओळ माणसांसाठी लिहायची सोय असते. त्या शब्दाच्या वर मी नीट लिहून ठेवलं : 'तात्पुरते. सोमवारी पूर्ववत करणे. – व. लि.' म्हणजे वसुधा लिमये, अस्मादिक.

सोमवारी नणंदेकडे वास्तुशांत होती. मी रजेवर होते.

मंगळवारी आले तर माझं नाव झालं होतं. दुसऱ्या गटांतले लोक वही घेऊन यायला लागले. "लिमये मॅडमचा तोडगा" असा शब्दप्रयोगच रूढ झाला. नव्या मुलांच्या प्रशिक्षणात मी त्यावर तासभर बोलायला लागले आणि शेवटी टाळ्या पडायच्या. टाळ्यांचा एक दोष असतो, त्यानंतर सोमवार आठवत नाही. असे तीन वर्षांचे सोमवार गेले. तीन वर्षांत नंबर जुळत नसल्याची एकही तक्रार आली नाही आणि त्याचं श्रेय मी माझ्या शिस्तीला आणि त्या पाटीला देत राहिले.

आता शेखसाहेबांबद्दल सांगते. रियाज शेख, आमच्यातले वयाने सर्वांत मोठे प्रोग्रॅमर. चार पिढ्या पुण्यात, घर गंज पेठेत, मराठी माझ्याहून चोख. भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर सुरुवात केली. मग बाजार खुला झाला, कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली, तेव्हा ती चालवायला हे पुढे झाले. पुढे त्याच यंत्रांनी माणसं कमी केली, तेव्हा यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि चाळिशीत क्लासला जाऊन, पोरांच्या शेजारी बसून प्रोग्रॅमिंग शिकले. कारखान्याची एक सवय मात्र त्यांनी सोडली नव्हती. तिथे प्रत्येक सुट्या भागाला टॅग बांधलेला असायचा, त्यावर ड्रॉइंगचा नंबर आणि कितवी सुधारणा ते अक्षर. टॅग न वाचता भाग उचलला तर सुपरवायझर सगळ्यांसमोर परत ठेवायला लावायचा. म्हणून ऑफिसातही आपण कुठला भाग कुठल्या नंबरचा वापरला ते शेखसाहेब एका लांब वहीत पेनने लिहीत आणि त्या त्या भागांची प्रत सीडीवर घालून, चिठ्ठी चिकटवून खणात ठेवत. सीडींची ती रांग बघून आम्ही म्हणायचो, "शेखसाहेबांनी लोणचं घातलंय." ते म्हणायचे, "मुरू द्या. लागेल तेव्हा मागायला याल."

त्या वर्षी मंदी होती. ज्यांना ग्राहकाच्या एखाद्या कामावरून काढून घेत ते बिनकामाचे म्हणून कंपनीत बसून राहत आणि बिनकामाचे बसलेले महिन्या-दोन महिन्यांत घरी जात. पोरांना पुढेमागे दुसरं काही मिळत असे. शेखसाहेब छप्पन्न वर्षांचे होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

आमचं काम होतं परदेशातल्या रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी. शेखसाहेबांचा प्रोग्रॅम रुग्णाचं वय काढून, त्या वयाला रक्तातलं काय किती असायला हवं ते अहवालात छापायचा. एका गुरुवारी तात्यांनी त्याच प्रोग्रॅमवर तांबडी ओळ काढली. जन्मतारीख कधीकधी रिकामी येऊ शकते, प्रोग्रॅम ते तपासत नाही, आणि रिकामी आली तर सगळं बंद पडेल, असं तात्यांचं म्हणणं. ग्राहकाच्या नियमाप्रमाणे तांबडी ओळ लिहिणाऱ्याच्या नावासकट थेट त्यांच्याकडे जायची. तिकडून लगेच निरोप आला : इतकी प्राथमिक चूक करणारा माणूस या कामावर नको. सोमवारी अकरा वाजता फोनवर मीटिंग.

वानखेडे माझ्याकडे आले. "मॅडम, त्यांच्याशी तुम्हीच बोला. माह्या तोंडून नाही निघणार. बापाच्या वयाचे आहेत माह्या."

मी गेले. कसल्या तोऱ्यात गेले ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. शेखसाहेब म्हणाले, "मॅडम, जन्मतारीख रिकामी येऊच शकत नाही. रुग्णाची माहिती देणारा भाग मी वापरलाय, तो तारीख भरल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. मी तपासून घेतलंय."

"शेखसाहेब," मी म्हटलं, "तात्या चुकत नाहीत हो."

त्यांनी वही काढली, एका ओळीवर बोट ठेवलं. "तात्यांनी कितवा नंबर वाचलाय, ते एकदा बघाल का?"

"नंबर जुळलेलेच असतात. तीन वर्षांत एक तक्रार नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग वही मिटली आणि म्हणाले, "बरं." एवढंच. मी आपली जागेवर येऊन बसले. मनात म्हटलं, वय झालं की माणसाला चूक कबूल करणं जड जातं. हे मी त्यांच्याबद्दल म्हटलं होतं.

शनिवारी सकाळी घरी कुकर लावला. शिट्टी होईना. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत बाहेर. कुकरची रिंग आदल्या संध्याकाळी ह्यांनी आणलेली. काढून बघितली तर आमचा कुकर पाच लिटरचा आणि रिंग साडेतीनची, ओढूनताणून बसवलेली.

"अहो, नंबर बघून आणायची ना."

"कंपनी तीच आहे," हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "नाव तेच आहे की."

नाव तेच आहे की. मी हातात रिंग घेऊन ओट्याशी उभी राहिले. डाळ तशीच. रविवारभर मी घरात काय केलं ते मला सांगता येणार नाही, पण ह्यांनी दोनदा विचारलं, "बरं नाही का?" आणि दोन्ही वेळा मी सांगितलं, "कुकर बिघडलाय."

सोमवारी आठलाच ऑफिसात पोचले. लोणी काळभोरहून येणारे आमचे पांडूमामा दारं उघडत होते. म्हणाले, "मॅडम, आज लई लवकर? कायतरी हाय वाटतं." मी म्हटलं, "आहे मामा." फाइल उघडली. माझ्या त्या शब्दाच्या वर माझीच ओळ होती. तात्पुरते. सोमवारी पूर्ववत करणे. व. लि. माणसाला आपलं हस्ताक्षर ओळखीचं वाटतं तसं टाइप केलेलंही वाटतं हे मला माहीत नव्हतं.

शब्द पूर्ववत केला आणि तात्यांना सोडलं. तीन वर्षं तोंड बांधून ठेवलेला माणूस बोलायला लागावा तसे ते बोलले. एकशे चाळीस ठिकाणी नंबर जुळत नव्हता. शेखसाहेबांचा प्रोग्रॅम २.३ मागत होता आणि आम्ही गुपचूप २.४ वाचायला देत होतो. शेखसाहेब नऊला आले तेव्हा मी त्यांच्या खणापाशी उभीच होते. "ते लोणचं द्या," म्हटलं. त्यांनी एका शब्दानेही काही न विचारता सीडी काढून दिली. त्यातला २.३ चा भाग बसवला आणि तांबडी ओळ गेली. त्यांचा प्रोग्रॅम स्वच्छ होता.

पण पुढचं ऐका. हा २.४ आला कुठून? दुसऱ्या गटाने केला होता. बेशुद्ध रुग्ण येतात, त्यांची जन्मतारीख कुणालाच माहीत नसते, म्हणून ग्राहकाने स्वतः सांगून ती जागा रिकामी ठेवायची मुभा घेतली होती. शेखसाहेबांना कुणी सांगितलं नाही. आणि प्रयोगशाळांना जायच्या मालात हाच २.४ भरलेला, वर 'जुना मागितला तर नवा द्या' अशी सूचना. म्हणजे पहिला बेशुद्ध रुग्ण आला असता आणि अहवाल छापणं बंद पडलं असतं. शेखसाहेब बरोबर होते, तात्याही बरोबर होते. या दोघांत कुणीतरी ओरडून सांगायला हवं होतं की नंबर वेगळे आहेत, आणि ते ओरडणाऱ्याचं तोंड मी बांधून ठेवलं होतं.

साडेदहा वाजले होते. खरं सांगते, मनात आलं. शेखसाहेबांच्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या की धोका संपत होता. 'तपासनिसात किरकोळ बिघाड होता, दुरुस्त केला,' असं म्हटलं असतं तर शेखसाहेब वाचले असते आणि मीही. तो बिघाड कुणाचा, हे फोनवर कुणी विचारलं नसतं. अर्धा तास मी ते वाक्य इंग्रजीत घोळवत बसले होते.

मीटिंग सुरू झाली. तिकडच्या माणसाने शेखसाहेबांचं नाव घेतलं. शेखसाहेब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वही समोर ठेवून बसले होते आणि वहीकडे बघत होते. वानखेडे घसा साफ करायला लागले. मला ते घोळवलेलं वाक्य आठवेचना. मी म्हटलं, चूक त्यांची नाही, माझी आहे. मग सगळं सांगितलं. तो बदललेला शब्द, तो शुक्रवार, सगळं; फक्त वास्तुशांत सोडली.

तिकडून विचारलं, "म्हणजे तपासनिसाचे तीन वर्षांचे अहवाल?"

"सगळे पुन्हा काढावे लागतील," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर वानखेडे छताकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर मले जित्तंच गाडलं." पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच आमच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, नंबर वाचून दाखवायला. अकरा दिवस लागले. मी, शेखसाहेब, त्यांची वही, त्यांचं लोणचं. एकशे चाळीस नंबर एकेक करून जुळवले. त्यात खरे दोष निघाले तीन, तिन्ही ग्राहकाच्या आधी आम्हाला सापडले. प्रशिक्षणातला माझा तास बंद झाला. त्या जागी शेखसाहेबांचा सुरू झाला, टॅग कसा बांधावा यावर. ते दोन वर्षं कामावर राहिले आणि रीतसर निवृत्त झाले.

मीटिंगच्या त्या दिवशी संध्याकाळी आम्ही खाली टपरीवर चहा घेतला. मी म्हटलं, "शेखसाहेब, माफ करा. गुरुवारी मी तुमच्याशी फार शहाणपणा केला."

ते म्हणाले, "ती फाइल मी गुरुवारीच उघडून बघितली होती, मॅडम. तुम्ही जागेवर जाऊन बसलात त्यानंतर लगेच."

माझा कप हातातच राहिला. "मग बोलला का नाहीत? तुमची नोकरी जात होती."

"तुम्ही तिथे लिहिलं होतं ना, सोमवारी पूर्ववत करणे म्हणून. खाली तुमचं नाव होतं. म्हटलं, सोमवारपर्यंत थांबावं."

डोळे भरून आले होते आणि टपरीवाला बघत होता. मी विचारलं, "आणि मी आज बोलले नसते तर?"

शेखसाहेबांनी बशीतला चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली.

"मग मंगळवारी मी बोललो असतो, मॅडम. मी काही संत नव्हे."